आठवड्यातून दोनदा

इसहाक अर्जनवीस नवापूरच्या कचेरीसमोर चिंचेखाली सतरंजी टाकून बसायचा. चिंचपाड्याकडच्या डोंगरी शेतकऱ्याचा मुलगा, मिशनच्या शाळेत सात इयत्ता शिकलेला. त्यातल्या शेवटच्या तीन वर्षांत इंग्रजी. तेवढ्या शिदोरीवर तो लोकांचे अर्ज लिही आणि साहेबाचे हुकूम त्यांच्या बोलीत वाचून दाखवी. आसपासच्या पाड्यांवर त्याचा शब्द म्हणजे साहेबाचाच शब्द, असं लोक धरून चालत. त्यालाही ते आवडे.

एकतीस सालच्या श्रावणात झिपरू त्याच्याकडे कागद घेऊन आला. झिपरू तिशीतला, इसहाकच्याच पाड्याखालच्या वस्तीवरचा. सागाचं लाकूड तोडल्याचा वहीम त्याच्यावर होता. गुन्हा शाबीत झाला नव्हता, पण वर्षभर आठ मैलांवरच्या चौकीत हजेरी द्यायचा हुकूम निघाला होता. किती दिवसांनी द्यायची, ते एकाच इंग्रजी शब्दात लिहिलं होतं : बायवीकली.

इसहाक त्या शब्दावर अडला. हा शब्द त्याने पूर्वी कधी वाचला नव्हता. मग त्याला मिशनातलं पत्रक आठवलं. त्यावर बायमंथली असं छापलेलं असे आणि ते दोन महिन्यांनी एकदा येई. म्हणजे हे दोन आठवड्यांनी एकदा.

"पंधरा दिवसांनी एकदा जायचं," त्याने सांगितलं.

"नक्की ना, दादा? चुकलं तर आत टाकतील."

कारकून दहा पावलांवर ओसरीत बसला होता. उठून विचारलं असतं तर काम झालं असतं. पण सतरंजीभोवती सात-आठ माणसं आपला कागद घेऊन थांबली होती. त्यांच्यासमोर, मला हा शब्द येत नाही, असं म्हणायला इसहाकची जीभ रेटेना.

"नक्की," तो म्हणाला.

झिपरू पंधरा दिवसांनी चौकीत गेला. जमादार रजेवर होता, शिपायाने अंगठा घेऊन परत पाठवलं. पुढच्या पंधरवड्याला गेला तेव्हा जमादाराने त्याला तिथेच बसवून ठेवलं. हजेरी आठवड्यातून दोनदा होती. सात हजेऱ्या चुकल्या होत्या.

खटला उभा राहायच्या आत इसहाक नंदुरबारला गेला. तिथे हिंमतराव अप्पा नावाचे पेन्शनर मास्तर होते, त्यांच्याकडे जाडजूड डिक्शनरी होती. अप्पांनी चष्मा लावून पान काढलं, दोनदा वाचलं.

"दोन्ही अर्थ शेतस रे," ते अहिराणीत म्हणाले. "आठवड्यातून दोनदा, आणि दोन आठवड्यांनी एकदा. हाऊ शबदच दोनतोंड्या शे. तुन्ही चूक नही."

इसहाकला क्षणभर हायसं वाटलं. ती डिक्शनरी फडक्यात बांधून तो साहेबासमोर उभा राहिला आणि पान उघडून दाखवलं. साहेबाने वाचलं. त्याला ते पटलेलंही दिसलं.

"शब्दाला दोन अर्थ आहेत हे खरं," साहेब म्हणाला. "मग तू विचारलंस का?"

इसहाकने डिक्शनरी मिटली. झिपरूला तीन महिन्यांची कैद झाली.

भात कापणीला आलं तेव्हा झिपरूची बायको रूपीबाई शेतात एकटीच होती. इसहाक आणि त्याची बायको मरियम विळे घेऊन तिच्या बांधावर गेले. रूपीबाईने त्यांना नको म्हटलं नाही. दुपारी पाण्याचा तांब्या आणून मरियमच्या हातात दिला. इसहाककडे मात्र तिने चार दिवसांत एकदाही पाहिलं नाही.

झिपरू सुटून आला तो खोकत आणि तापत. हुकूम अजून संपला नव्हता. हजेरीचे महिने पुढे ढकलले होते, एवढंच. सोमवार आणि गुरुवार. जाऊन येऊन सोळा मैल. इसहाक दोन्ही वारी सतरंजी गुंडाळून ठेवून त्याच्याबरोबर चालू लागला. वाटेत झिपरू शेताचं बोले, बैलाचं बोले. न राहवून एकदा इसहाकच म्हणाला, "मला शिव्या तरी दे."

झिपरू दगडावर दम खात बसला होता. "तू वाचलंस तसं मी केलं," तो म्हणाला. "मला वाचता आलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. इसहाकला तेच सोसवेना.

चैत्रातल्या एका गुरुवारी झिपरूला उठवेना. इसहाक एकटाच चौकीत गेला, माणूस आजारी आहे म्हणाला. जमादार वाईट नव्हता, पण त्याचे हात बांधलेले होते. "माणूस दिसल्याशिवाय हजेरी कशी मांडू?" त्याने विचारलं. सोमवारी इसहाकने आणि रूपीबाईच्या भावाने झिपरूला झोळीत घालून नेलं. जमादाराने झोळीपाशी येऊन अंगठा घेतला. परत येताना नाल्याच्या चढावर झोळी एकाएकी जड वाटली म्हणून त्यांनी खाली ठेवली. झिपरू गेला होता. हजेरीचे सात महिने बाकी होते.

रूपीबाई मुलीला घेऊन भावाकडे, सरहद्दीपलीकडे निघून गेली. हजेरीतून झिपरूचं नाव खोडण्याचा अर्ज इसहाकने स्वतः लिहिला. तो मंजूर व्हायला दोन महिने लागले, आणि तोवर चौकीचा शिपाई दोनदा रिकाम्या घराशी येऊन झिपरूला हाका मारून गेला.

इसहाक त्यानंतर नऊ वर्षं चिंचेखाली बसला. अर्जात तो वारांची नावंच लिही, आणि एखाद्या शब्दावर अडला की कागद घेऊन सरळ ओसरीत जाई. कारकून खेकसे, "एवढं येत नाही, तर बसतोस कशाला?" मागे माणसं ऐकत असत. "येत नाही, साहेब, सांगा," इसहाक म्हणे आणि उत्तर मिळेपर्यंत उभा राही. झिपरूच्या वस्तीवरची माणसं मात्र पुन्हा त्याच्याकडे आली नाहीत. ती कागद घेऊन त्याच्यासमोरून बाजारातल्या दुसऱ्या अर्जनवीसाकडे जात, आणि इसहाक मान खाली घालून लेखणी पुसत बसे.