हिरोच्या खांद्यावरून

आमच्या ह्यांनी सिनेमा काढला असं मी कोणाला सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या तोंडाकडे बघतो आणि हसावं की नाही याचा अंदाज घेतो. हसा बाप्पा, बिनधास्त हसा. आम्हीही लय हसलो. पण मोबाईलवर काढलेली पोरखेळातली गंमत नव्हती ती, एवढं ध्यानात ठेवा. चांगला दोन तासांचा सिनेमा होता. त्यात प्रेम होतं, मारामारी होती, खून होता, आणि तो खून कोणी केला हे शेवटपर्यंत कळत नव्हतं. आणि त्या सिनेमाची हिरोईन मी होते. आता हसा.

हे वर्ध्याला एका ऑफिसात क्लार्क होते. आंजीहून रोज बसनं जायचे-यायचे. मी गावातल्याच शाळेत मास्तरीण. ते रिटायर झाले, हारतुरे झाले, आणि दुसऱ्या दिवसापासून माणूस गप्पच झाला. ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे. मी शाळेतून आले की सकाळी सोडून गेले होते तिथेच सापडायचे. ज्या माणसाने उभा जन्म मीठ कमी म्हणून माझ्या वरणाला खोट काढली, तो आता पुढ्यात येईल ते मुकाट्याने जेवायला लागला, तेव्हा मात्र मी घाबरले. शेजारणी म्हणायच्या, किती शांत झाले हो तुमचे. अगं, मला काय करायची ती शांतता? भांडणारा नवरा परवडला.

दिवाळीनंतर एका सकाळी चहाचा कप खाली ठेवून म्हणाले, "मी सिनेमा काढून राह्यलो."

"कायचा सिनेमा?" मी विचारलं. "प्रेमाचा का मारामारीचा?"

"दोन्ही. अन् खुनाचाबी. या जन्मात एकच तर काढाचा हाय, मंग आर्धं कायले ठेवाचं?"

इतकी वर्षं बसच्या खिडकीशी बसून हा माणूस मनातल्या मनात गोष्ट रचत होता, आणि घरात पत्ता नाही! दुसऱ्या दिवशी माझ्याआधी उठून दाढी करताना दिसले तेव्हा मी ठरवलं, सिनेमा तर सिनेमा. त्यांनी विमान काढतो म्हटलं असतं तरी मी हो म्हटलं असतं. मला फक्त ती खुर्ची रिकामी हवी होती.

कॅमेरावाला वर्ध्याचा होता, लग्नाचं शूटिंग करणारा. बाकी वर्षभर त्याला मान वर करायला फुरसत नसते, पण पौषात लग्नं नसतात, कॅमेरा कपाटात पडलेला. तो म्हणाला, "काका, काय करायचं थे पौषात करा. माघ लागला का मी तुमचा नाई." म्हणजे सगळी दुनिया ज्या महिन्यात शुभकार्य टाळते त्या महिन्यात आमचा नारळ फुटणार होता. ह्यांना काही फरक पडला नाही. उलट म्हणाले, खुनाच्या सिनेमाले पौषच बरा.

हिरो ठरलेलाच होता. वडनेरचा माझा भाऊ. सख्खा नाही हं. माहेरी आमच्या घराला लागून त्यांचं घर, आणि मला भाऊ नाही, म्हणून कळायला लागल्यापासून मी राखी त्यालाच बांधते. पन्नाशीचा गडी, पण अंगाने दणकट, आणि शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत, जोडी हाकण्यात त्याचा हात धरणारा आमच्या भागात दुसरा नाही. ह्यांना पाठलागाचा सीन मोटारींचा नको होता, पटावरच्या बैलांचा हवा होता. म्हणजे हिरो तोच. हिरोईन म्हणून गावातली कॉलेजात जाणारी एक पोरगी तयार झाली होती. मी तेव्हाच म्हटलं, अहो, ती त्याच्या लेकीच्या वयाची दिसेल. ते म्हणाले, सिनेमात चालते.

शूटिंग तोंडावर आलं आणि पोरीचं लग्न जुळलं. सासरकडून निरोप आला की आमची सून पडद्यावर नको. झालं! हे गावभर फिरले. एक बाई तयार होईना. कोणाची सासू आडवी, कोणाचा नवरा. संध्याकाळी जेवायला बसले आणि ताटातून मान वर न करता म्हणाले, "मंग तूच कर."

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं? माह्या वयात?"

"गोष्ट बदलवतो. हिरोईन मास्तरीण करतो. उतारवयातलं प्रेम दाखवतो."

"अहो, पण भाऊ हाय तो माहा!"

"सिनेमात नाई ना," ते म्हणाले आणि भात मागितला.

मी रात्रभर चिडचिड केली आणि सकाळी हो म्हटलं. नाही म्हटलं असतं तर पौष निघून गेला असता आणि हे पुन्हा ओसरीवर जाऊन बसले असते. एवढंच कारण. हौस वगैरे काही नव्हती, कोणी काही म्हणो.

मारामारी आणि खून झकास पार पडले. म्हणजे आमच्या मानाने झकास. सिनेमात गावच्या सरपंचाचा खून होतो आणि आळ हिरोवर येतो. खुनी कोण हे ह्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, खुद्द खुन्यालाही नाही. आमचा टेलर बिचारा शेवटच्या दिवसापर्यंत सरपंचाच्या प्रेतावर हंबरडा फोडत राहिला, आणि मग त्याला कळलं की मारणारा आपणच. तो इतका नाराज झाला की चहा प्यायला नाही. पाठलागात बैलांनी व्हिलनच्या मोटारसायकलला हुलकावणी द्यायची होती, पण मोटारसायकल काळ्या मातीत रुतून बसली आणि बैल शर्यत जिंकून थेट गोठ्यात गेले. घराच्या धाब्यावरून कापसाच्या गंजीवर उडी मारण्याचा सीन दोन दिवसांत करायचा होता. पहिल्या दिवशी भावाने वरून झेप घेतली तेवढी काढली, दुसऱ्या दिवशी पडून उठायचं काढायला गेलो तर गंजीच नाही! भाव बरा आला म्हणून मालकाने सकाळीच कापूस गाडीत भरला होता. मास्तरणीचा नवरा म्हणून गाव ह्यांनाही गुरुजीच म्हणतं. ह्यांनी त्याला झापलं तर तो म्हणाला, "गुरुजी, तुमचा सिनेमा थांबते, भाव थांबते का?" सिनेमात आमचा हिरो उडी मारतो कापसावर आणि उठतो कडब्यावरून. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

अडलं ते प्रेमाच्या सीनला. हरभऱ्याचं वावर होतं, हिरवंगार. मी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभं राहायचं, समोर भाऊ, आणि मी त्याच्याकडे बघायचं. फक्त बघायचं. मला एक शब्द बोलायचा नव्हता, डायलॉग भावाचा होता. ह्यांचं म्हणणं, सगळा सिनेमा या नजरेवर उभा हाय. हिरोवर सगळं गाव संशय घेतं, एकटी ही घेत नाही, ते या नजरेतून कळलं पाहिजे.

मी वर पाहिलं आणि मला हसू फुटलं. पुन्हा पाहिलं, तर भाऊ चपलेकडे बघत उभा. तिसऱ्यांदा दोघांनी जीव एकवटून एकमेकांकडे पाहिलं, तर भाऊ म्हणतो, "बाई, मले वाटून राह्यलं तू आता ओवाळतं का काय." कॅमेरावाला पोट धरून खाली बसला. मग मला रडू यायला लागलं. ज्याच्या कपाळाला जन्मभर टिळा लावला त्याच्याकडे तसं बघायचं कसं, सांगा ना मला!

हे आधी ओरडले. मग धुऱ्यावर जाऊन बसले. "राहू दे," म्हणाले, "नाई होत आपल्यानं. गुंडाळ रे कॅमेरा." तो आवाज मी ओळखला. तोच ओसरीवरचा आवाज.

मी म्हटलं, "उठा. तुम्ही त्याच्या मागे उभे राहा. कॅमेऱ्यात दिसू नका. मी तुमच्याकडे पाह्यते."

ते उठले. भावाच्या पाठीशी, जरा अंतरावर, कानटोपी घालून, हातात कागद घेऊन उभे राहिले. मी भावाच्या खांद्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मी कसं पाहिलं हे मला माहीत नाही. त्यांचे ओठ हलत होते, कारण भावाचा डायलॉग ते मनातल्या मनात म्हणत होते. कानटोपीतून पांढरे कल्ले बाहेर आलेले. वर्षभर मेल्यासारखा बसलेला माझा माणूस थंडीत नाक लाल करून उभा होता, जिवंत, चिडलेला, घाईत. मला इतकं भरून आलं की विचारू नका. आणि त्यांचं लक्ष? कागदात! एकदाही मान वर केली नाही. "झालं का? झालं? चला, पुढचा घ्या."

पुढचे सगळे प्रेमाचे सीन आम्ही असेच केले. शेवटचा गिरडच्या टेकडीवर होता, तिथेही हे भावाच्या मागे धापा टाकत चढले. कॅमेरावाला एकदा म्हणाला, "काका, काकूची नजर जराशी सरकून राह्यली." हे म्हणाले, चालते. माघ लागायच्या आत काम संपलं. मग वर्ध्याला जाऊन कॉम्प्युटरवर सगळं जोडायचं होतं. तिथेही हे फक्त खून आणि मारामारीला जाऊन बसले. प्रेमाचं त्यांनी त्या कॅमेरावाल्या पोरावर सोडलं. "तू लग्नं करतं, तुले जास्त समजते," म्हणाले.

एका रविवारी दुपारी गावातल्या मंगल कार्यालयात सिनेमा लावला. खिडक्यांना सतरंज्या बांधल्या. आंजीचं सगळं गाव आणि वडनेरहून भावाची माणसं, पाय ठेवायला जागा नव्हती. हे इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या शेजारी बसले होते आणि त्यांचा गुडघा सारखा हलत होता. मला एकच धास्ती, लोक ह्यांना हसतील. मला हसले असते तर मी शाळेत त्यांच्या पोरांना बघून घेतलं असतं. पण ह्यांना हसले तर हे पुन्हा उभे राहणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं.

सुरुवातीला लोक हसलेच. टेलर रडला तेव्हा हसले, बैल गोठ्यात गेले तेव्हा तर शिट्ट्या. ह्यांचा चेहरा उतरत चालला. मग हरभऱ्याचा सीन आला. कॅमेरावाल्याने सवयीने आमच्याभोवती गुलाबाच्या पाकळ्या सोडल्या होत्या आणि भावाच्या अन् माझ्या भोवती बदाम काढला होता. भावाने कपाळावर हात मारला. तेवढ्यात मागून एक म्हातारी ओरडली, "अवो, थे बाई त्याच्याकडे नाई पाहून राह्यली! त्याच्या मांगं कोणीतरी उभा हाय!"

हॉलभर कुजबुज सुरू झाली. खुनी तिथेच आहे! मास्तरणीला माहीत आहे! त्यानंतर मी पडद्यावर आले की लोक श्वास रोखून बसायचे. "पाह्य, पाह्य, पुन्हा पाहून राह्यली त्याच्याकडे." खुर्च्या पुढे सरकल्या. बायकांनी पोरांच्या तोंडावर हात ठेवले. ह्यांनी माझा हात धरला. "गेला सिनेमा," कानात म्हणाले. "चुकीचाच खुनी धरून बसले सगळे."

शेवटी टेलर पकडला गेला, तर कोणी मानायलाच तयार नाही! म्हातारी उभी राहिली. "टेलर कायले मारते सरपंचाले? बाई ज्याच्याकडे पाहे, थो कुठी हाय? त्याले आणा पुढे!" मग सगळेच, हो हो, त्याले आणा, गुरुजी, थो कोण होता सांगा. कोणीतरी ह्यांच्या हातात माईक दिला. हे उभे राहिले आणि माईक या हातातून त्या हातात करत राहिले.

भावाला राहवलं नाही. खुर्चीवर चढून तो ओरडला, "अरे, जवाई होते बाप्पा मांगं! खुनीगिनी कोणी नाई! माही बाई माह्याकडे कशी पाहीन? थे आपल्या नवऱ्याकडे पाहे!"

काय ते हसणं आणि काय त्या टाळ्या! लोकांनी मंगल कार्यालय डोक्यावर घेतलं. म्हातारीने तर तिथूनच माझी अलाबला घेतली. असा सिनेमा पाह्यला नाई, गुरुजी, दुसरा कधी काढता, असं जो तो ह्यांना विचारत होता. मला वाटलं हे आता खुलतील, चार शब्द बोलतील. पण ते हसले नाहीत. माईक खाली ठेवून कॅमेरावाल्याला म्हणाले, "थो हरभऱ्याचा सीन लाव पुन्हा."

सीन पुन्हा लागला. पडद्यावर माझा एवढा मोठा चेहरा, कानशिलावर पिकलेले केस, वाऱ्याने उडालेला पदर, आणि ते डोळे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाव बघतंय हो, असं काय! मी पदर तोंडाला लावला. ह्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. सीन संपला तरी ते पडद्याकडेच बघत होते. मग बसले आणि माझ्याकडे वळून अगदी हळू विचारलं, "अशी पाह्यतं तू माह्याकडं?"

"हो."

"कवापासून?"

"लग्न झालं तवापासून."

मग म्हणाले, "मंग सांगतलं काऊन नाई?"

मी म्हटलं, "तुम्ही पाह्यलं काऊन नाई?"