आमदारासाठी सडा

माझी जाऊ खडीच्या ढिगावर तोंडावर पडली तेव्हा कामावरच्या पिंपात पाणी नव्हतं. मी हातोडा टाकून तिला उताणी केली. अंग भाजत होतं, घाम नावाला नाही, दात बसलेले. पलीकडे झोळीत तिची तान्ही मुलगी रडत होती.

दुष्काळ होता. पारनेरकडच्या आमच्या गावाजवळ सरकारने खडी फोडायचं काम काढलं होतं. मजुरी मिळे, खायला सुकडी मिळे. पण प्यायला सगळ्यांत मिळून एकच पिंप, आणि सावली कुठेच नाही. म्हणून आम्ही बायका चालत आमदाराच्या घरी गेलो. कामावर पाणी आणि लेकरांना छप्पर मिळणं हा आमचा हक्क आहे, असं सांगितलं.

"वरती कळवतो," तो खुर्चीतूनच म्हणाला.

जाऊ पुढे झाली. "सायेब, मतं मागाया आला तवा आमच्या दारात तांब्याभर पानी प्यालात. आमी वरती कळवलं न्हाई. लगीच दिलं."

बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आमदारही हसला. स्वतः येऊन बघतो म्हणाला.

तो यायच्या दिवशी मुकादम सकाळीच ओरडत आला. "सायबाच्या अंगावर धुरळा उडता कामा नये. सडा टाका. दुसरं पिंप येतंय."

जाऊ म्हणाली, "पानी मागाया बोलावलाय का सांडून दावाया?"

"गप गं," एक म्हातारी तिच्यावर खेकसली. "एवढा मोठा मानूस येतोय. कोरड्या वाटंनं आनायचा व्हय?"

मोठा पाहुणा म्हटलं की सडा पडायचाच. घमेल्यांनी पिंपातलं पाणी उपसून रस्त्यावर टाकलं. ते वाळायला वेळ लागला नाही. दुसरं पिंप आलं नाही. सकाळी येणारा आमदारही आला नाही. दुपारी जाऊने मुलीला पाजलं, परत खडी फोडायला बसली आणि पडली.

जीप आली तेव्हा तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मुकादम हार घेऊन धावला.

"हार ऱ्हाऊ द्या," मी ओरडले. "गाडीत पानी हाय का?"

ड्रायव्हरने तांब्या दिला. तिच्या तोंडात घातलेलं पाणी गालावरून खाली आलं. आमदाराने पिंपात वाकून पाहिलं.

"पाणी कुठंय?"

मुकादम हार धरून उभा राहिला. मी म्हणाले, "तुमच्या वाटंवर टाकलं."

त्याने टोपी काढली. तिला जीपमध्ये घालून पारनेरला न्यायला सांगितलं. नंतर कामावर जादा पिंपं आली, लेकरांवर ताडपत्री बांधली गेली.

जाऊ वाटेतच मेली. तिची मुलगी जगली.