चार्ज देऊन गेलेला माणूस

मी तापट आहे. आमच्या गटात हे सगळ्यांना ठाऊक आहे, तुम्हालाही आधीच सांगितलेलं बरं.

आम्ही सात जण मिळून एक मोफत अ‍ॅप चालवतो. आज फवारणी करावी, की पावसाने औषध वाहून जाईल, एवढंच ते सांगतं. नाशिकच्या आसपासचे भाजी-फुलं लावणारे ते वापरतात. कोड सगळ्यांसाठी उघडा आहे. कोणीही घ्यावा, बदलावा, स्वतःचं वेगळं अ‍ॅप काढावं. पगार कोणालाच नाही. त्यामुळे माणूस धरून ठेवायचा तर गोड बोलूनच, आणि तिथे माझी बोंब.

या अ‍ॅपचा कणा लिहिला मनमाडच्या एका दादांनी. रेल्वेच्या सिग्नल खात्यात नोकरी, पन्नाशी उलटलेली, कोड स्वतःचा स्वतः शिकलेले. त्यांनी लिहिलेलं काही कधी मोडल्याचं मला आठवत नाही.

मागच्या वर्षी आम्हाला अ‍ॅपमध्ये नकाशा हवा होता. नकाशा आला की जुन्या फोनवर अ‍ॅप चालणार नव्हतं. दादांचा ठाम विरोध. त्यांचं म्हणणं साधं होतं. घरात नवा फोन येतो तो पोराला, पोराचा जुना जातो बापाला, आणि फवारणी करतो बाप. आम्ही मत घेतलं. पाच विरुद्ध दोन. दादा हरले. त्यांनी ग्रुपवर लिहिलं, "मग मी बाहेर पडतो. नाशिकच्या गच्चीत बसून पेठ तालुक्यातलं शेत दिसत नाय."

माझं डोकंच फिरलं. मखमलाबादला जन्मभर कोथिंबीर काढणाऱ्या बापाची मी मुलगी, आणि मला गच्ची दाखवता? दोन मिनिटांत मी आमच्या मूळ कोडमध्ये बदल करायची त्यांची परवानगी काढून टाकली. बाकीच्यांना सांगितलं, सुरक्षिततेसाठी. तो निव्वळ राग होता.

तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. मी भांडायच्या तयारीनेच उचलला.

"ताई, मतदानाचं काय नाय. हरलो, विषय संपला. पण माझा चार्ज द्यायचा राहिला हाय."

मला कळेना. मग त्यांनी समजावलं. त्यांच्याकडे पाळी संपली म्हणून कोणी उठून घरी जात नाही. कुठला सिग्नल दुरुस्तीला आहे, कुठली तार तात्पुरती जोडली आहे, हे वहीत लिहायचं, पुढच्याला समजावायचं, त्याची सही घ्यायची. पुढच्याशी भांडण असलं तरी. "गाड्या चालूच असतात ना, ताई. तुम्ही तर मला चार्ज न घेताच बाहेर काढलं."

मला लाज वाटली. त्याच दुपारी परवानगी परत दिली आणि ग्रुपवर लिहिलं, की ती मी रागाने काढली होती. जिवावर आलं, पण लिहिलं.

रविवारी ते रेल्वेने आमच्या घरी आले, हातात दोनशे पानी वही. तीन तास ते समजावत होते आणि आम्ही लिहून घेत होतो. कुठल्या हवामान केंद्राचे सकाळचे आकडे खोटे येतात, कोडचा कुठला तुकडा घाईत जोडलाय, कशाला हात लावायचा नाही. वहीच्या शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं होतं, 'जुने फोन सोडणे चूक आहे, असे माझे मत आहे.' खाली मी सही केली.

पोह्यांची दुसरी बशी पुढे करत मी म्हटलं, "दादा, थांबा ना."

"नाय, ताई. थांबलो तर रोज हेच भांडण होईल. त्यात काम मरतं."

महिनाभरात त्यांनी आमच्याच कोडवरून जुन्या फोनचं वेगळं अ‍ॅप काढलं. गटात एकदोघांचे चेहरे पडले. फूट पडली म्हणे. मी आमच्या पहिल्या पानावर त्यांचा दुवा दिला, 'फोन जुना असेल तर हे घ्या.' त्यानंतर आमच्यातून आणखी दोघं गेली. एक बाळंतपणासाठी, एक माझ्याशी कडाक्याचं भांडून. दोघांनीही आधी रीतसर चार्ज दिला. बाहेर मी असे कितीतरी गट बघते, जिथे माणूस किल्ल्या घेऊन गायब होतो आणि मागे नुसती शिवीगाळ उरते. आमच्याकडे असं होत नाही. मला याचा अभिमान आहे, माज म्हणा हवं तर.

गेल्या महिन्यात दादांचा फोन आला. "ताई, तुमचं पावसाचं नवं गणित लय भारी जमलंय. माझ्यात घेऊ का?"

कोड उघडा, विचारायची काही गरज नव्हती. हे त्यांना माझ्याहून चांगलं माहीत होतं.

"घ्या," मी म्हटलं. "आणि दादा, जुन्या फोनचं तुमचं बरोबर होतं. आमचं अ‍ॅप वापरणारे निम्मे शेतकरी तुमच्याकडे गेले."

ते हसले. "ते मला माहीत होतं, ताई. तुम्ही म्हणायची वाट बघत होतो."