सलीमभाईची प्रेस आणि माझी ढोलकी

चहा घ्या आणि ऐका. माझ्याच तोंडानं मी स्वतःला असं खड्ड्यात घातलं की अजून निघोज्याच्या चौकातून मान वर करून जाता येत नाही. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. मधे हसलात तर उठून जाईन.

माझं शिक्षण चौथी. तीही मास्तर कंटाळला म्हणून पास. पण गाणी रेकॉर्ड करण्यात माझा जन्म गेला. जागरण-गोंधळाच्या कॅसेटी काढल्या, मग सीड्या काढल्या. आता काय, तर भाऊंच्या वाढदिवसाची गाणी. आपल्याकडे गल्लीला एक भाऊ. चाल तीच, नुसतं नाव बदलायचं. एकदा एका भाऊंच्या गाण्यात दुसऱ्या भाऊंचं नाव राहून गेलं. ते मी सांगणार नाही, मला अजून इथंच राहायचंय.

गाते वैशाली. परभणीकडची पोरगी, चाकणच्या कंपनीत वायरिंगच्या लाइनवर आहे. मोबाइलवर तिचं गाणं आलं की पोरं वेडी होतात. मला तात्या म्हणते आणि माझं एक ऐकत नाही. तिचा गळा आणि माझी ढोलकी, अशी आमची जोडी. निदान मी तरी तसंच समजत होतो.

स्टुडिओ म्हणजे निघोज्यातली पत्र्याची शेड, आतून भिंतींना गाद्या ठोकलेल्या. आणि भिंतीपलीकडे सलीमभाईची पॉवर प्रेस. पत्रा कापायचं मशीन हो. मशीन खाली आलं की धाड, कापलेला तुकडा पेटीत पडला की खण. दिवसभर धाड, खण. धाड, खण. चहासुद्धा माझ्या घशाखाली त्याच तालात उतरायचा. म्हणून रेकॉर्डिंग फक्त गुरुवारी. त्या दिवशी इकडच्या कारखान्यांना सुट्टी आणि वैशालीलाही.

बारा वर्षं मी त्या माणसाशी भांडलो.

"सलीम, मशीन बंद कर."

"तात्या, मशीन बंद केलं तर बायको माझं जेवण बंद करेल."

मग मी रोज ग्रामपंचायतीत जाऊन बसायला लागलो. सरपंच मला बघून मागच्या दारानं सटकायचा. शेवटी सलीमभाईच कंटाळला आणि त्यानं प्रेस चाकणकडच्या दुसऱ्या शेडमध्ये हलवली. क्रेननं मशीन उचललं त्या दिवशी मी पेढे वाटले. त्यालाही दिला. त्यानं खाल्ला, ही त्याची माणुसकी.

पण प्रेस हलायच्या थोडं आधी एक घोळ झाला होता. वैशालीच्या मैत्रिणीची हळद होती, तिच्यासाठी गाणं करायचं होतं, आणि नेमका त्या गुरुवारी कंपनीनं ओव्हरटाइम लावला. मग मंगळवारी तिची शिफ्ट सुटल्यावर केलं, पलीकडे प्रेस चालू असताना. माझं डोकं फिरलं. म्हटलं, नासलं, परत करू.

"राहू द्या की तात्या. हळदीत कोण एवढं ऐकायलंय?" असं म्हणून ती मोबाइलवर गाणं घेऊन गेलीसुद्धा.

मी ते परत ऐकलं नाही. नासलेलं दूध कुणी चाखून बघतं का?

आणि तेच गाणं पेटलं राव. जिथं हळद तिथं ते गाणं. मला कसं कळणार? डीजे दिसला की मी कानात कापूस घालतो.

एक दिवस पिंपळे सौदागरहून एका गाण्यांच्या कंपनीचा वैशालीला फोन आला. पुढची गाणी आमच्याकडे करा म्हणाले. वैशालीनं तोंडावर सांगितलं, "तात्या माझे प्रोड्युसर हायेत. ते असतील तर मी." पलीकडचा म्हणाला, त्यांना तर आणाच, त्या गाण्यातला ठोका ज्यानं बसवला त्यालाच भेटायचंय.

ठोका. म्हणजे कोण? म्हणजे मीच की. मी सदऱ्याला इस्त्री केली आणि ढोलकी काखेत मारून निघालो.

तिथं सगळी काच. कुठून आत शिरायचं तेही कळेना. शेंडी बांधलेला एक पोरगेला साहेब आला आणि मला सर म्हणाला. मला जन्मात कुणी सर म्हटलेलं नाही. तिथंच घात झाला.

"सर, हा ठोका तुम्हीच बसवला?"

"मग काय शेजाऱ्यानं?"

वैशाली खोकली. "तात्या, जरा ऐका..."

"तू गप."

"इतका जड आवाज, नुसत्या हातानं?"

"भाकरीवर वाढलेला हात हाय ह्यो."

"आणि त्याच्यामागून तो लोखंडी आवाज येतो, तो?"

मला वाटलं ढोलकीच्या कडीचं विचारतोय. म्हटलं, "ते आमच्या घराण्यातलं हाय. कुणाला शिकवत न्हाई."

साहेब खूश. त्यानं कसलीशी बटणं दाबली, गळा बंद केला, ढोलकीही बंद केली, आणि नुसता तो ठोका मोठ्या स्पीकरवर लावला.

धाड. खण. धाड. खण.

बारा वर्षांचा दुष्मन मी ओळखणार नाही? त्या थंडगार काचेच्या खोलीत सलीमभाई माझ्या छातीवर येऊन बसला.

"सर, पुढच्या गाण्यात हाच ठोका पाहिजे. तो नसेल तर आपलं जमणार नाही. आणि ताई तर तुमच्याशिवाय गाणार नाहीत म्हणतात."

म्हणजे माझ्या थापेपायी त्या पोरीचंही दार बंद. मी काय म्हणालो असेन? "मिळेल की."

लिफ्टमध्ये वैशाली फुटली. "कशाला एवढं बोलायलात तात्या? सांगत होते की मी."

"तुला ठावं व्हतं?"

"मी त्याच्याच ठेक्यावर गायले. तुमची ढोलकी तर मागं पडायली होती."

घ्या.

तरी मी हार मानली नाही. पिंप बडवलं. शटर आपटलं. जुन्या फ्रीजवर पाटा टाकून बघितला. आवाज आला नाही, फ्रीज गेला. सून अजून बोलत नाही. शेवटी माईक, रेकॉर्डिंगची पेटी आणि वैशालीला घेऊन सलीमभाईच्या नव्या शेडमध्ये गेलो. मला बघून त्यानं मशीन थांबवलं. कामगार गोळा झाले.

"सलाम तात्या. काय झालं, इथला आवाजपण निघोज्यात येतो?"

"न्हाई येत. तीच तर अडचण हाय."

"मग?"

"चालू कर."

"काय?"

"प्रेस."

त्यानं कानाला हात लावला. "मशीनवर राहून ऐकू कमी येतं तात्या. जरा मोठ्यानं. आणि बारा वर्षं 'बंद कर, बंद कर' ऐकलंय, आज जरा अदबीनं होऊ द्या."

मी वैशालीकडे बघितलं. ती मान खाली घालून आमच्या पेटीची बटणं चाचपत होती. ह्या पोरीनं माझ्यासाठी काचेच्या कंपनीला नाही म्हणायची तयारी केलेली. मग काय करणार? हात जोडले आणि शेड दणाणेल असा ओरडलो, "सलीमभाई, पाया पडतो, प्रेस चालू करा."

सगळी शेड खदखदली. सलीमभाईनं पेडलवर पाय दिला. धाड. खण. आणि वैशालीनं तिथंच गाणं उचललं, असं की एका दमात झालं. मी ढोलकी पुढं ओढली तर तिनं डोळ्यानंच सांगितलं, राहू द्या.

कंपनीला गाणं आवडलं. इतकं आवडलं की त्यांनी त्यातलं काहीच कापलं नाही. आणि वैशालीनं रेकॉर्डिंगचं बटण मी ओरडायच्या आधीच दाबून ठेवलेलं.

आता संत तुकाराम नगरपासून चाकणपर्यंत कुठल्याही हळदीला जा. डीजे थांबतो, आधी माझा आवाज येतो, सगळा मांडव हात जोडून माझ्याबरोबर ओरडतो, आणि मग धाड. परवा सरपंच मला बघून मागच्या दारानं पळाला नाही. पुढच्या दारानं आला, हात जोडून.

रेकॉर्डिंग आता गुरुवार सोडून कधीही, वैशालीची शिफ्ट सुटली की. गुरुवारी सलीमभाईला सुट्टी असते.

आणि मोबाइलवर गाण्याखाली नावं येतात ना, ती सुनेनं वाचून दाखवली. त्या दिवसापुरती बोलली. गायिका वैशाली. ठोका सलीमभाई. मी म्हटलं, पुढं वाच, प्रोड्युसर कोण? तर तिथं त्या कंपनीचं नाव. मग मी कुठाय?

आहे. सगळ्यात खाली.

विनंती : तात्या.