उत्तर दोन नाही

छापखान्यात तिला सगळे ताई म्हणत, पण आठवीच्या वर्गातली माणसं एका गणितामुळे तिला अजून दीडशहाणी म्हणूनच ओळखत होती. ते गणित तिला तोंडपाठ होतं. बत्तीस वर्षं तिनं ते विसरायचा प्रयत्नही केला नव्हता.

क्ष/(क्ष − २) = २/(क्ष − २) + ३

सरांनी फळ्यावर छेद उडवले, दोन्ही बाजू सरळ केल्या आणि झोकात लिहिलं, क्ष बरोबर दोन. ती उभी राहिली. "सर, दोन घातलं तर खाली शून्य येतं. शून्यानं भागायचं नाही, असं तुम्हीच सांगितलंत." एवढ्यावर थांबली असती तर निभावलं असतं. पण ती थेट फळ्याशी गेली. उजवीकडचा दोनवाला अपूर्णांक तिनं डावीकडे आणला, वर क्ष वजा दोन, खाली क्ष वजा दोन, म्हणजे एक. उजवीकडे उरले तीन. "एक बरोबर तीन होतं, सर. या गणिताला उत्तरच नाही."

वर्ग हसला. सर हसले नाहीत. "आली मोठी दीडशहाणी! दारात उभी राहा." ती उभी राहिली. तास संपला, मधली सुट्टी झाली, पुढचे तास झाले. आत ये असं कोणी म्हटलंच नाही. शाळा रिकामी झाली तेव्हा शिपायानं तिला घरी पाठवलं.

वर्षअखेरीच्या परीक्षेत तेच गणित आलं, चार मार्कांना. तिनं लिहिलं, उकल नाही. सरांनी मार्क दिले शून्य. पुढच्या शिक्षणाची शिष्यवृत्ती तीन मार्कांनी हुकली. वडील म्हणाले, बास झाली शाळा. आत्या छापखान्यात पुस्तकं बांधायची, तिच्याबरोबर हिला धाडलं. तिथं ती आधी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायला शिकली, मग कॉम्प्युटरवर पानं लावायला. गणिताचं पुस्तक आलं की मालक तिच्याचकडे द्यायचे. अंशाखाली छेद नीट मधोमध बसवावा तर तिनंच, बाकीच्यांचे अपूर्णांक तिरके जायचे.

आणि एका सकाळी मालकांनी तिच्या टेबलावर जाडजूड हस्तलिखित ठेवलं. निवृत्त गणित शिक्षकाचं मार्गदर्शक, आयुष्यभराची पुंजी. सरांचं अक्षर तिनं पहिल्या ओळीला ओळखलं. प्रकरण सातवं, उदाहरण अकरावं. तेच गणित. उत्तर दोन!

ती दोन घोट पाणी प्यायली आणि ते पान पुन्हा वाचलं.

छापखान्याचा नियम पक्का होता. लेखकाचा शब्द जुळवणाऱ्यानं बदलायचा नाही. शंका आली तर समासात पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह काढायचं, आणि लेखकानं त्याचं उत्तर स्वतःच्या हातानं लिहून खाली सही करायची. प्रश्नचिन्ह काढलं नाही, तर चूक तशीच छापून जाणार. दोन हजार प्रती, मुखपृष्ठावर सरांचं नाव. जो तो शिक्षक बोट दाखवून हसला असता. दोन दिवस ती या विचारानं इतकी खुशीत होती की घरी नवऱ्यानं विचारलं, "लॉटरी लागली का काय?"

तिसऱ्या दिवशी तिनं प्रश्नचिन्ह काढलं. दया वगैरे काही आली नव्हती, गैरसमज नको. लोक हसले असते ते तिच्या पाठीमागे, तिला न सांगता. तिला ते उत्तर सरांच्या हातचं हवं होतं, समोर.

सर आले. अठ्ठ्याहत्तर वर्षं, काठी, पण नाक अजून तितकंच वर. पानं उलटत अकराव्या उदाहरणापाशी थांबले.

"हे कोणी काढलं?"

"मी."

"अहो बाई, तुम्ही पानं लावा. उत्तर दोनच आहे."

"घालून बघा ना."

त्यांनी पेन उचललं. वर दोन, खाली दोन वजा दोन. पेन थांबलं. मग हसले, थोडंसंच. "जुन्या वहीतून उतरवलं, तसंच आलं. गंमत सांगतो, वर्गात एका पोरीनं हीच चूक काढली होती. बरोबर होती ती. त्याच संध्याकाळी घरी करून बघितलं, तेव्हा कळलं मला."

ती ज्या चुकीचा सूड घ्यायला बसली होती, ती चूक नव्हतीच तर, परीक्षेतलं शून्य त्यांनी जाणूनबुजून दिलं होतं. बत्तीस वर्षं ती निदान एवढं धरून होती की माणूस चुकला.

"मग तिला सांगितलं नाहीत?"

"भरल्या वर्गात मास्तरनं माघार घ्यायची? पोरं डोक्यावर बसली असती. आणि चार मार्कांनी कोणाचं काय बिघडतं?"

"मला तीन कमी पडले होते, सर."

ते बघत राहिले. तिच्या चेहऱ्यात चौदा वर्षांची पोरगी शोधत असावेत. सापडली असावी, त्यांनी पेन खाली ठेवलं.

"लिहा," ती म्हणाली. "उकल नाही. पूर्ण लिहा, कारणासकट."

त्यांनी लिहिलं. क्ष बरोबर दोन घेतल्यास छेद शून्य होतो, म्हणून या समीकरणाला उकल नाही. खाली सही केली, तारीख घातली. तिनं अक्षर न् अक्षर वाचलं.

"आता दारात उभे राहा."

मशीनवरच्या दोघांनी माना वळवल्या. सर पुटपुटले, "बाई, माझं वय..."

"माझं चौदा होतं."

ते उठले. काठी टेकत दारापाशी गेले आणि आत तोंड करून उभे राहिले, कधीकाळी ती राहिली होती तसेच. तिच्या शेजारी खुर्ची रिकामी होती. मशीनवरच्या एकानं ती उचलायला हात घातला, तसं तिनं नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं हात मागे घेतला.

मग तिनं सातवं प्रकरण उघडलं, उत्तरातलं दोन पुसलं आणि नवी ओळ लावली. आठवं प्रकरण बरंच मोठं होतं. ते तिनं सावकाश लावायला घेतलं.