सातव्या ठाण्यावरची अळंबी

शिकारखोलीच्या दारात लोरियाना उभी राहिली की आमच्या गावचे थोराड पुरुष शाळेतल्या पोरांसारखे बंडीचे बंद आवळायला लागत. बंडी नारिंगी, डोळ्यांत खुपेल अशी. ती सगळ्यांना लोरियानानेच शिवून दिली होती. तिच्या चुलतदिराच्या, आदेल्मोच्या, पोटरीतून रानडुकरांच्या हाक्यात शेजारच्या ठाण्यावर, म्हणजे शिकाऱ्याच्या ठरलेल्या जागी, बसलेल्या माणसाची गोळी आरपार गेली होती. झुडूप हललं म्हणून त्याने घोडा ओढला होता. त्या हिवाळ्यात लोरियानाने शिवणयंत्रावर नारिंगी कापड चढवलं ते सगळ्या टोळीच्या बंड्या होईपर्यंत उतरवलंच नाही. अस्तर मात्र जुन्या करड्या चादरींचं लावलं, कारण नवं कापड आतून वाया घालवणं तिच्या स्वभावात बसत नव्हतं.

पुरुषांनी कुरकुर केली. आपण रस्ता खणणारे कामगार दिसतो, असं त्यांचं म्हणणं. रस्ता खणणारे संध्याकाळी स्वतःच्या पायांनी घरी येतात, असं लोरियानाचं म्हणणं. तो वाद तिथेच मिटला.

तिचा नवरा सीरिओ रानडुकरांच्या हाक्याचा म्होरक्या. दर रविवारी पहाटे तो टोपी काढून नियम वाचून दाखवी, पण ते पाठ होते लोरियानाला, आणि तो एखादा शब्द गाळायला लागला की चुलीजवळून तिचा आवाज येई. हाका संपल्याचं शिंग वाजेपर्यंत ठाणं सोडायचं नाही. बंदूक भरण्याआधी दोन्हीकडच्या शेजाऱ्यांना हात दाखवायचा, म्हणजे कोण कुठे आहे ते कळतं. आवाजावर गोळी नाही, हलत्या झुडपावर नाही. डुकराचा खांदा स्वच्छ दिसेपर्यंत बोट घोड्यावर न्यायचं नाही. हे शेवटचं तिने इतक्यांदा ऐकवलं होतं की टोळीतला ओरेस्ते म्हणायचा, मला झोपेत बायकोचा नाही, लोरियानाचा आवाज ऐकू येतो.

अशी ही बाई. वर्षानुवर्षं शिकारखोलीत तिने मक्याच्या पिठाचा पोलेंटा घाटला, मांस शिजवलं, भांडी घासली. मग मुलीचं लग्न झालं आणि तिच्या मनाने घेतलं की आपणही ठाण्यावर बसायचं. परीक्षा दिली, परवाना काढला, सासऱ्यांच्या बंदुकीचं तेलपाणी करून घेतलं. पोलेंटा कोण करणार, हा टोळीचा एकमेव आक्षेप होता. ते काम टोळीतल्या दीनोकडे गेलं आणि त्याने पहिल्याच रविवारी पातेलं जाळलं. पुरुष जळका पोलेंटा चावत तिच्याकडे बघत, ती बंदूक पुसत बसे. त्या वर्षी तिला जग जिंकल्यासारखं वाटत होतं.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी सीरिओच्या टोपीतून तिने चिठ्ठी उचलली ती सात नंबरची. चेहऱ्यावरची रेघ तिने हलू दिली नाही. कारण सातव्या ठाण्याच्या खाली, चेस्टनटच्या झाडांमधल्या एका खोलगट जागी, तिची अळंबी उगवायची. पोर्चिनी. मुठीएवढी, तपकिरी टोपीची, पांढऱ्याशुभ्र देठाची. ही जागा तिला आईने दाखवली होती, बहिणीला दाखवली नव्हती, आणि बहीण त्यावरून अजून नाताळला यायची नाही. सीरिओलाही ती माहीत नव्हती. तीस वर्षं एका गादीवर झोपणं वेगळं आणि अळंबीची जागा सांगणं वेगळं, एवढं आमच्याकडे नवऱ्यांनाही कळतं.

आणि शेजारचं, वरच्या अंगाचं आठवं ठाणं निघालं ओरेस्तेला. गेली वीस वर्षं ओरेस्ते त्या जागेच्या मागावर होता. पाऊस होऊन ऊन पडलं की तो उगाच तिच्या घरावरून कुत्रं फिरवायचा, तिच्या बुटांना कसली माती लागली आहे ते बघायचा. तिनेही एकदा मुद्दाम ओढ्याची माती बुटांना फासून त्याला आठवडाभर ओढ्याकाठी फिरवला होता.

ठाण्यावर पोचल्यावर तिने सगळं शिस्तीत केलं. खालच्या सहाव्याला हात दाखवला, वरच्या ओरेस्तेला हात दाखवला. त्यानेही दाखवला. मग तिने बंदूक भरली आणि नको नको म्हणत खाली बघितलं.

ओल्या पानांतून एक तपकिरी टोपी वर आली होती. तिच्या बाजूला दुसरी. पलीकडे आणखी, अख्खं कुटुंब.

कुत्री दूर, दरीच्या पलीकडे होती. त्यांचा आवाज पुसट येत होता. हाका इकडे यायला वेळ आहे, असा लोरियानाने हिशोब केला. पण ती खोलगट जागा वरच्या ठाण्यावरून अर्धवट दिसत होती. झुडपांत वाकलं तर माणूस दिसला नसता, पण नारिंगी रंग दिसला असता, कारण तो दिसावा म्हणूनच तिने तालुक्याच्या दुकानात जाऊन सगळ्यात भडक कापड निवडलं होतं. नारिंगी ठिपका ठाण्यावरून खाली सरकताना बघून ओरेस्तेला बाकीचं समजायला कितीसा वेळ लागणार?

तेव्हा तिने काय केलं, तर बंडी काढली.

बंदूक रिकामी करून झाडाला टेकवली, एवढी अक्कल शाबूत होती. खाली आईच्या वेळचा तपकिरी स्वेटर होता. अळंबीला जाणारे सगळे असलेच रंग घालतात, कुणाला दिसू नये म्हणून. ती हातापायांवर रांगत झुडपांत शिरली. बंडी पालथी करून, करडं अस्तर बाहेर घेऊन, तिची झोळी केली. आत अळंबी ठेवताना तिला स्वतःच्या कसबाचं कौतुकही वाटलं. ते अस्तर किती उपयोगी पडलं बघा, असं तिच्या मनात आलं. पुढे ती हे स्वतःच सांगायची तेव्हा इथे थांबून ऐकणाऱ्याला हसायला वेळ द्यायची.

डुकराला मात्र तिचा हिशोब माहीत नव्हता. ते हाक्यातून मागे फुटलं आणि दरी ओलांडून सरळ इकडे वळलं. कुत्र्यांचा आवाज एकदम जवळ आला. खालच्या बाजूला फांद्या मोडायला लागल्या.

लोरियाना झुडपांत चार पायांवर होती. तपकिरी स्वेटर, विस्कटलेले करडे केस, नाक मातीजवळ. डुकराला लागतं ते सगळं तिच्यापाशी होतं, सुळे सोडून. आणि सुचलं काय, तर गुपचूप रांगत ठाण्यावर परत जावं. झोळी छातीशी धरून ती सरकायला लागली आणि तिच्या डोक्यावरची झुडपं हलायला लागली.

मान वर केली तेव्हा तिला ओरेस्तेच्या बंदुकीची नळी दिसली. ती सरकली की नळी सरकत होती.

बंडी उलगडून वर धरायची, एवढंच काम होतं. पण बंडी उलगडली की अळंबी सांडणार, आणि ओरेस्तेला जागा कळणार. पुढची गोष्ट सांगताना लोरियानाचा आवाज खाली यायचा. कारण ती थांबली. बंदुकीच्या नळीसमोर, आईने दिलेली जागा आणि स्वतःचा जीव दोन्ही हातांत धरून ती बाई खरोखर विचार करत होती.

मग तिचे हात तिला न विचारता वर गेले. बंडी झटकली गेली, नारिंगी बाजू फडफडली आणि अळंबी उतारावरून गडगडत सुटली.  त्याच वेळी तिच्या खालच्या अंगाने, हातभर अंतरावरून, डुकराचं काळं धूड घुरघुरत निघून गेलं. ओरेस्तेने गोळी झाडली नाही. नळी खाली गेली.

शिंग वाजायला अजून अवकाश होता आणि शिंग वाजेपर्यंत ठाणं सोडायचं नसतं. लोरियाना बंडी घालून, सगळे बंद आवळून आपल्या ठाण्यावर येऊन उभी राहिली. ओरेस्ते त्याच्या ठाण्यावर उभा होता. दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तिने मध्ये एकदा हात दाखवला. त्याने दाखवला नाही.

शिंग वाजल्यावर त्याने बंदूक रिकामी केली आणि तो खाली, ती रांगत होती त्या झुडपांपर्यंत आला. वाटेत त्याचा बूट एका पोर्चिनीवर पडला, ती चिरडली, दुसरी त्याने पायाने बाजूला ढकलली, आणि त्याने खाली बघितलं नाही. वीस वर्षं ज्या जागेसाठी त्याने कुत्रं फिरवलं तिच्यावर तो उभा होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं.  

तो सिगारेट पेटवायला बघत होता आणि काडी विझत होती.

"बोट घोड्यावर गेलं होतं," तो म्हणाला. "खांदा दिसायची वाट बघत होतो. तो दिसेचना."

"मला खांदे नाहीतच फारसे," लोरियाना म्हणाली. हसवायला म्हणाली, पण तो हसला नाही.

"तूच शिवलीस ना ही?" त्याने स्वतःच्या बंडीला चिमटीत धरलं. "मला घालायला लावलीस. मी नको म्हणत होतो तर दारात अडवलंस मला."

लोरियाना आपल्या बंडीचे बंद पुन्हा आवळत राहिली.

शिकारखोलीत सगळे ओरेस्तेवर तुटून पडले. एवढं मोठं जनावर दोन ठाण्यांमधून गेलं आणि याला दिसलं नाही? एकाने त्याला चष्म्याच्या दुकानाचा पत्ता सांगितला. दीनोने पोलेंट्याचं पातेलं पुढे करून, हे तरी दिसतंय का, असं विचारलं. ओरेस्ते मान खाली घालून, नीट दिसलं नाही, एवढंच म्हणत राहिला. त्याने तिचं नाव घेतलं नाही. टाचणी पडली तरी सगळ्या बाजारात सांगणारा माणूस तो.

लोरियानाला वाटलं, आता गप्प बसलं तर निभावतं. ठाणं राहतं, बंदूक राहते, दारात उभं राहायचा हक्क राहतो. पण ओरेस्तेने वाइनचा प्याला अजून तोंडाला लावला नव्हता, आणि ते फक्त तिलाच दिसत होतं. ती उठली आणि तिने सगळं सांगितलं. झोळी सांगितली, अस्तर सांगितलं, रांगणं सांगितलं. विचार करत थांबले होते, तेही सांगितलं. नेमकी जागा तेवढी सांगितली नाही.

आधी खोलीत हशा झाला, मग आदेल्मोने पोटरीवर हात ठेवला आणि हशा बंद पडला.

सीरिओने टोपी काढली, पुन्हा घातली. ठाणं सोडणाऱ्याला हंगामभर बंदूक नाही, हा नियम त्याला वाचून दाखवावा लागला नाही. तिनेच म्हणून दाखवला, एकही शब्द न गाळता. दीनोने तेवढ्यात पातेल्याकडे आशेने बघितलं, तर ती म्हणाली, बंदूक नाही असा नियम आहे, पोलेंटा कर असा नियम नाही.

घरी जाताना सीरिओने गाडी मध्येच कडेला घेतली. दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवून समोर बघत बसला.

"बंडी काढलीस," तो म्हणाला.

"काढली."

"मुलीला काय सांगितलं असतं मी? आई कशाने गेली म्हणून सांगितलं असतं?"

लोरियानाच्या ओठांवर चार विनोद आले आणि तिने ते चारही गिळले. त्याने गाडी चालू केली.

पुढच्या रविवारपासून तिला रस्त्यावर उभं केलं. हाका चालू असला की रानाच्या वाटा जिथे सुरू होतात तिथे कुणीतरी पाटी धरून थांबावं लागतं, म्हणजे सायकलवाले, फिरायला आलेले आणि अळंबीवाले आत घुसत नाहीत. हे काम आजवर सर्दीखोकला झालेल्याला मिळायचं. लोरियाना डोक्यापासून गुडघ्यापर्यंत नारिंगी होऊन तिथे उभी राहायची. खाली गावात उतरणाऱ्या बसमधले लोक हात करायचे. बहिणीनेही एकदा बसमधून बघितलं आणि म्हणे शेवटच्या थांब्यापर्यंत हसत गेली.

पण काम तिला छान जमलं. अळंबीवाल्यांच्या सगळ्या थापा तिच्या स्वतःच्या वापरातल्या होत्या. थंडी नसताना फुगलेला कोट म्हणजे आत टोपली. काठी घेतलेला धडधाकट माणूस म्हणजे पानं उकरणारा.

हंगामाच्या शेवटाकडे एक म्हातारा आला. शेवाळी टोपी, शेवाळी कोट, कोट फुगलेला. कुत्रं हरवलंय म्हणाला.

"नाव काय कुत्र्याचं?" लोरियानाने विचारलं.

म्हातारा विचारात पडला.

ओढ्याकडच्या बाजूला आज हाका नव्हता, तिकडे सोडायला हरकत नव्हती. तिने पिशवीतून जादाची बंडी काढून पुढे धरली. घाल, नाहीतर घरी जा.

"हे घालून?" म्हातारा कळवळला. "अगं बाई, मग मी कुठे जातो ते सगळ्यांना दिसेल की."

"दिसेल," लोरियाना म्हणाली. "हात वर कर, बंद मी बांधते."

तिने बंद आवळले, गाठ मारली, वर आणखी एक गाठ मारली. वळणाआड गेल्यावर काढशील तर इथून कळेल मला, असं सांगून त्याला सोडला. म्हातारा चार पावलं जाऊन मागे बघे, पुन्हा चार पावलं जाई. नारिंगी पाठ झाडांमधून लांबपर्यंत लख्ख दिसत राहिली, अगदी हवी तशी, आणि लोरियाना पाटीला टेकून समाधानाने बघत राहिली. पडक्या भिंतीपाशी म्हातारा डावीकडे वळला. मोठ्या चेस्टनटखालून वर गेला. तिथे थांबला आणि पानं उकरायला वाकला. ही जागा लोरियानाला नवी होती.

लोरियानाने पाटी दुसऱ्या हातात घेतली आणि नीट दिसावं म्हणून दोन पावलं पुढे सरकली.