पुसायची सोय नाही

आमच्या ऑफिसात लोकांच्या फायली किती टिकल्या ते सोडा, किस्से मात्र पक्के टिकले. नोकरी सोडली तरी जेवताना एखादा आठवतो आणि घास हातातच राहतो. मैत्रिणी हसतात. हसा बापडे! मला अजून संताप येतो.

धंदा असा होता. लोकांच्या फायली घ्यायच्या, त्यांचे तुकडे करून जगभरच्या अनोळखी कॉम्प्युटरांवर ठेवायचे आणि कुठे काय ठेवलं त्याची नोंद ब्लॉकचेनवर करायची. नोंद एकदा झाली की झाली. ना गिऱ्हाइकाला बदलता येणार, ना आम्हाला. आमचे मालक निखिल सर हे छाती फुगवून सांगायचे. मी सपोर्टला होते. म्हणजे त्या फुगलेल्या छातीमागे बसून शिव्या खायला!

*

पिंपळगाव बसवंतला एका द्राक्षवाल्याच्या पॅकहाउसमध्ये डेमो होता. द्राक्षवाले अण्णा क्रेटवर बसून शांतपणे ऐकत होते.

"अण्णा, तुमचा डेटा आता एका जागी नाही. सगळ्या जगात आहे!" सर म्हणाले.

"म्हंजे माझ्याकडं नाय?"

"तुमचाच आहे. पण कुणा एकाच्या ताब्यात नाही."

"बरं. उद्या काय गडबड झाली तर भांडायचं कुणाशी?"

"हीच तर गंमत आहे अण्णा. भांडायला कुणी नाहीच!"

अण्णा उठले. "मंग नाय जमायचं आपलं. आमचा सगळा धंदा भांडूनच चालतो!"

परतताना गाडीत सर म्हणाले, "या लोकांना व्हिजन नाही."

*

नामपूरचा एक फोटोग्राफर. लग्नाचे फोटो आमच्याकडे ठेवायचा. फायली उघडायला बारा शब्दांची चावी असते. ती त्याने मोबाइलमध्ये ठेवली आणि मोबाइल विहिरीत पडला. चावीची दुसरी प्रत कुणाकडेच नसते. आमच्याकडेही नाही. विकताना हे त्याला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

"ताई, फोटू शेतस ना?"

"आहेत दादा."

"मंग दखाडा ना!"

"ते नाही दाखवता येणार."

"आसं कसं? शेतस बी आन नहीत बी?"

त्यातल्या एका नवरीचे वडील लग्नानंतर लगेच वारले होते. त्यांचे शेवटचे फोटो तेवढेच. ती मुलगी रोज त्याच्या दुकानात येऊन बसायची. मी सरांच्या केबिनमध्ये गेले. काहीतरी करा म्हटलं, निदान त्याच्याशी बोला तरी.

सर लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाले, "त्याला सांग, तुझा डेटा एकदम सेफ आहे."

खरंच सेफ होता. त्याच्यापासूनसुद्धा!

*

सपोर्टवाल्यांनी 'सॉरी' म्हणायचं नाही, असा नियम होता. सॉरी म्हणजे जबाबदारी! त्याऐवजी म्हणायचं, "हे नेटवर्कने ठरवलं आहे."

सिडकोतल्या एक काकू होत्या. त्यांच्या पाळणाघराचे व्हिडिओ उघडत नव्हते. मी तीनदा नेटवर्क, नेटवर्क केल्यावर त्या कडाडल्या, "मग त्या नेटवर्कला दे फोन!"

शेजारी सेल्सचा सागर बसला होता. त्याने माझ्या हातातून फोन घेतला आणि घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नमस्कार. नेटवर्क बोलतोय."

काकूंनी त्याला धुतला. पार धुतला. तो निमूट ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "हो काकू. चूक आमची आहे."

मग काकू हळू आवाजात म्हणाल्या, "एवढंच ऐकायचं होतं रे बाळा."

संध्याकाळी सागरला लेखी समज मिळाली. कारण काय, तर परवानगीशिवाय जबाबदारी घेतली!

*

हा किस्सा छोटाच आहे. आमची डेव्हलपर रूपाली एकदा स्टेपलर शोधत सरांच्या कपाटापाशी गेली. आत कुलूप उघडं राहिलेल्या पेटीत दोन हार्ड डिस्क, वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या: कंपनीचे करारमदार, सरांच्या घराची कागदपत्रं, मुलीचे लहानपणापासूनचे फोटो.

"सर, हे आपल्याच नेटवर्कवर का नाही टाकत?"

"वेडी का तू? महत्त्वाचं आहे ते!"

*

सुरगाण्याकडच्या एका शाळेतले गावित गुरुजी. त्यांनी पाड्यापाड्यांवर हिंडून म्हाताऱ्या बायकांची गाणी रेकॉर्ड केली होती. पेरणीची, लग्नाची, रानातली. निखिल सरांनी त्यांचा सत्कार केला, शाल दिली आणि गाणी 'कायमस्वरूपी' प्लॅनमध्ये ठेवून घेतली. गुरुजींनी विश्वासाने मोबाइलमधली जागा रिकामी केली.

आता, ज्यांच्या कॉम्प्युटरवर तुकडे असतात त्यांच्याशी करार मुदतीचा असतो. तो वेळोवेळी वाढवायचा असतो. आमच्याकडून राहिला. त्यांनी तुकडे काढून टाकले. गाणी गेली. ब्लॉकचेनवर नोंद तेवढी राहिली, की इथे अमुक नावाची फाईल होती.

गुरुजींना फोन मीच केला. सांगून दिलेलं वाक्य वाचून दाखवलं, "सर, फाईल उपलब्ध नाही, पण तिची नोंद कायमची सुरक्षित आहे."

गुरुजी म्हणाले, "गाणाऱ्यांतल्या दोघी आता नाहीत, मॅडम. मग मी पोरांना काय शिकवू? तुमच्या नोंदीला चाल लावू?"

त्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. राजीनामा लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. तो पर्समध्येच होता तेव्हा प्रज्ञा आली.

*

प्रज्ञा एम.एस्सी. झालेली. सोबत तिचे वडील, अंबडला एका कारखान्यात सुपरवायझर. तिच्या कॉलेजने सगळ्या मुलांची पदवी प्रमाणपत्रं आमच्या नेटवर्कवर ठेवली होती आणि 'आयुष्यभराचं डिजिटल प्रमाणपत्र' म्हणून प्रत्येकाकडून वेगळी फी घेतली होती.

पदवीनंतर त्यांच्या घराने राजपत्रात नोंदवून आडनाव बदललं. जुनं आडनाव मी इथे सांगणार नाही. गावाने त्यांच्या पूर्वजांना हिणवायला ठेवलेलं ते नाव. एका जागी कायमचं राहिलंय तेवढं पुरे.

कॉलेजने नवं प्रमाणपत्र दिलं. पण त्यावरचा कोड स्कॅन केला, की नव्याच्या खाली जुनंही उघडायचं, ठळक अक्षरांत. पुण्याच्या एका कंपनीत मुलाखत चांगली झाली. शेवटी तिथल्या बाईंनी कोड स्कॅन केला, वाचला आणि हसून विचारलं, "ओह, म्हणजे तुम्ही या लोकांपैकी का?"

"मग?" मी विचारलं.

"कळवतो म्हणाले," प्रज्ञा म्हणाली.

मी दोघांना सरांच्या केबिनमध्ये नेलं. वडिलांनी राजपत्राची प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. "साहेब, सरकारने मान्य केलंय. तेवढं जुनं काढून टाका."

सरांनी प्रत हातातही घेतली नाही. खुर्चीत मागे रेलले आणि डेमोच्या आवाजात सुरू झाले, "काका, नवं नाव आम्ही घेतलंच आहे ना? पण जुनं जात नाही. इतिहास कुणालाच पुसता येत नाही. तुम्ही कितीही पुढे गेलात, कितीही नावं बदललीत, तरी आधी काय होतात ते नेटवर्क विसरत नाही. हीच तर या टेक्नॉलॉजीची ब्यूटी आहे!"

वडील खाली बघत राजपत्राची घडी घालू लागले.

प्रज्ञाने वडिलांच्या हातातून कागद घेतला, उलगडला आणि सरांसमोर पुन्हा सरळ ठेवला.

"जुनं पुसलं जात नाही हे आम्हाला माहीत आहे, सर. पिढ्यान्‌पिढ्या बघतोय. फक्त त्याची वेगळी फी आजवर कुणी घेतली नव्हती!"